ऑस्ट्रेलियन स्पॉटेड बदक: छोट्या कळपात दुर्मीळ जात कशी टिकवावी

ऑस्ट्रेलियन स्पॉटेड ही बँटम, म्हणजे अगदी लहान चणीची बदकाची जात आहे. नावात ऑस्ट्रेलिया असले तरी ती घडली अमेरिकेत. १९२०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या जॉन सी. क्राइनर आणि स्टॅन्ली मेसन यांनी तिची पैदास सुरू केली. कॉल बदक (आखूड चोचीची छोटी पाळीव जात), मॅलार्ड आणि पिनटेल ही रानबदके आणि ऑस्ट्रेलियातले एक रानबदक यांच्या संकरातून ती आली असे सांगितले जाते. सर्वसामान्य पाळणाऱ्यांच्या हाती ही बदके १९९०च्या सुमारास आली, तीही मोजक्याच कळपांतून. पूर्ण वाढलेला पक्षी जेमतेम एक किलोचा भरतो. मादी वर्षाला साधारण ५० ते १२५ अंडी देते, मन लावून खुडूक बसते आणि पिल्ले स्वतः वाढवते. छोट्या जातींत इतकी धडधाकट बदके फार थोडी आहेत, म्हणून तिच्यावर मेहनत घेणे सार्थकी लागते.

दुर्मीळ जात टिकवायची म्हणजे भरपूर पिल्ले काढायची, असा समज असतो. तो चुकीचा आहे. एका नराची शंभर पिल्ले काढली तर बदके वाढतात आणि जात आतून आकुंचन पावते. किती नरांचे आणि किती माद्यांचे रक्त पुढच्या पिढीत उतरले, हाच खरा हिशोब. पुढची सगळी मांडणी त्या हिशोबावर उभी आहे.

सुरुवातीचे पक्षी

तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पक्षी किंवा अंडी घ्यावीत. या जातीत बहुतेकांचा कळप मागे जाऊन त्याच थोड्या मूळ कळपांना मिळतो, त्यामुळे विकणारे तीन असले तरी रक्त एकच असू शकते. प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: तुमचे पक्षी कुणाकडून आले, आणि गेल्या पाच वर्षांत बाहेरून नर आणला होता का? ज्याला उत्तर देता येत नाही त्याचे पक्षीही घ्या, पण वहीत त्या ओळीपुढे, म्हणजे त्या वंशापुढे, ‘पूर्वज अज्ञात’ असे लिहून ठेवा.

नवे पक्षी ३० दिवस वेगळे ठेवा. त्यांची भांडी वेगळी, बूट वेगळे, आणि रोजचे काम आधी आपल्या कळपाचे, मग नव्यांचे. बदकांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू कधी कधी काहीही लक्षण न दाखवता असतो. म्हणूनच रानबदके उतरतात त्या तळ्याशी कळपाचा संबंध येऊ देऊ नये. मस्कव्ही सोडून सगळी पाळीव बदके मॅलार्डपासूनच आली आहेत, त्यामुळे रानटी मॅलार्ड नर आत शिरला तर रोगाच्या जोडीला रक्ताची भेसळही होते, आणि तिचा पत्ता दोन पिढ्यांनंतर लागतो. अमेरिकेत राज्याबाहेर अंडी किंवा पिल्ले पाठवायची असतील तर बहुतेक ठिकाणी नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन या पाळीव पक्ष्यांच्या रोगतपासणी योजनेचे प्रमाणपत्र लागते. ते आधीच करून घ्या. त्याशिवाय दुसऱ्या पाळणाऱ्यांशी देवाणघेवाण अडते.

नर किती, माद्या किती

कळपात १२ पक्षी आहेत असे धरा. एक नर आणि ११ माद्या ठेवल्या तर एका पिढीत सगोत्रपणा (नात्यातल्या पक्ष्यांच्या संकराने रक्त सारखे होत जाणे) १३.६ टक्क्यांनी वाढतो. दोन नर आणि १० माद्या असतील तर ७.५ टक्क्यांनी. सहा नर आणि सहा माद्या असतील तर ४.२ टक्क्यांनी. दाणा तेवढाच, जागा तेवढीच, फरक तिपटीहून जास्त. सूत्र सोपे आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले एकूण पक्षी. हा ‘परिणामी संख्ये’चा आकडा, म्हणजे रक्ताच्या हिशोबात कळप किती पक्ष्यांइतका भरतो ते. त्याच्या दुपटीने एकाला भागले की पिढीमागे वाढणारा सगोत्रपणा मिळतो.

सगोत्रपणा वाढला की पहिला फटका रंगरूपाला बसत नाही. आधी अंडी रिकामी निघू लागतात, मग पिल्ले कवचातच मरतात, मग वाढीत एखादे आजारपण कळपभर फिरते. पक्षी मात्र देखणेच दिसत राहतात, म्हणून पाळणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

व्यवहारात बसणारी रचना अशी: अ, ब, क असे तीन खुराडे, प्रत्येकात तीन माद्या आणि एक नर. प्रत्येक खुराड्याचा एक राखीव नर वेगळ्या नरखान्यात. एकूण सहा नर, नऊ माद्या. परिणामी संख्या १४.४ येते आणि सगोत्रपणा पिढीमागे साधारण ३.५ टक्के वाढतो. घरच्या घरी यापेक्षा फार खाली उतरणे कठीण आहे.

हंगामाच्या मध्यावर खुराड्यातला नर काढून राखीव नर सोडा, म्हणजे सहाही नरांची पिल्ले मिळतात. इथे एक पथ्य आहे. मादीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू एक ते दोन आठवडे जिवंत राहतात. नर बदलल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, उबवायला नाही. खूप मोलाची जोडी असेल तर चार आठवडे थांबा.

पुढच्या पिढीत मुली आईच्याच खुराड्यात राहतात, मुलगे हलतात. अ चे मुलगे ब मध्ये, ब चे क मध्ये, क चे अ मध्ये. दर पिढीला त्याच दिशेने. एवढ्याने भावंडांचा संबंध टळतो आणि कागदावर गुंतागुंतीची वंशावळ काढत बसावे लागत नाही.

दोन गोष्टी या गणिताला आणखी बळ देतात आणि त्यांना एक पैसा लागत नाही. पहिली, प्रत्येक मादीची आणि प्रत्येक नराची जवळपास सारखीच पिल्ले पुढच्या पिढीसाठी ठेवायची. जिची अंडी जास्त उबतात तिच्या सहा मुली आणि दुसरीची एकच, असे होऊ द्यायचे नाही. प्रत्येक कुटुंबाचा वाटा सारखा ठेवला तर परिणामी संख्या जवळपास दुप्पट होते. दुसरी, दरवर्षी कळप बदलायचा नाही. ही बदके चांगली सांभाळली तर चार-पाच वर्षे पैदास देतात. पिढी दर वर्षाऐवजी दर तीन वर्षांनी बदलली तर तेवढ्याच काळात रक्ताची झीज एक तृतीयांश होते. शिवाय चौथ्या वर्षीही जोमाने अंडी देणारी मादी दीर्घायुष्याची खात्री देते, जी पहिल्या वर्षाच्या तरण्या मादीकडून मिळत नाही.

कोणत्या मादीचे अंडे?

सारखा वाटा ठेवायचा तर कोणते अंडे कुणाचे हे कळलेच पाहिजे. या जातीची अंडी मलईरंगी, निळसर किंवा हिरवट असतात, आणि एका मादीच्या अंड्याचा रंग आयुष्यभर सहसा तोच राहतो. खुराडा भरतानाच तीन वेगवेगळ्या रंगांची अंडी देणाऱ्या माद्या एकत्र ठेवल्या की अर्धे काम झाले. रंग जुळत असतील तर रात्री प्रत्येक मादीला वेगळ्या कप्प्यात कोंडा. बदके बहुतेक पहाटे ते सकाळी नऊच्या आत अंडी घालतात, त्यामुळे दिवसा त्यांना मोकळे सोडता येते.

अंडे उचलताक्षणी मऊ शिसपेन्सिलीने त्यावर मादीचा क्रमांक आणि तारीख टाका. उबवणीच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक मादीची अंडी जाळीच्या वेगळ्या टोपलीत ठेवा, नाहीतर पिल्ले बाहेर आल्यावर सगळा हिशोब एका रात्रीत मिसळून जातो. पिल्लू वाळले की त्याच दिवशी पायाच्या पडद्याला बारीक भोक पाडून खूण करा. दोन्ही पायांत मिळून चार पडदे, म्हणजे खूण असलेले-नसलेले धरून १६ जुळण्या होतात. भोक कधी कधी भरून येते, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तपासा आणि पक्षी मोठा झाला की पायात क्रमांकाची कडी घाला. वाढत्या पिल्लाच्या पायात लहान कडी विसरली तर ती मांसात रुतते.

खुराडे आणि खाणे

रात्रीच्या घरात पक्ष्यामागे सुमारे ०.४ चौरस मीटर जागा, कोरडी बैठक आणि वरच्या बाजूला वारा खेळता. खिडक्यांना १२ मिलिमीटरची जोडलेली तारजाळी हवी. कोंबड्यांची षटकोनी जाळी रकून (अमेरिकेतला एक निशाचर शिकारी प्राणी) हाताने फाडतो किंवा पंजा घालून पक्षी ओढतो. वर जाळीचे छप्परही लागते, कारण ही बदके उडतात आणि घुबडेही वरून येतात. छप्पर नसेल तर एका पंखाची मोठी उडाणपिसे कापा. मात्र पिसांच्या देठात रक्त असेल तेव्हा कापू नका.

तीस सेंटिमीटर खोल आणि मीटरभर रुंद टब जोडीला पुरतो, चढ-उतारासाठी उतरण हवी. पाणी रोज बदला. घाण पाण्यात वारंवार जोडी लागल्याने नराचे लिंग बाहेर राहून सुजते, आणि असा नर हंगामभर निकामी होतो. कुजलेल्या चिखलात बोट्युलिझमचे विष तयार होते: मान लुळी पडलेले बदक दिसले तर आधी ते डबके बंद करा.

अंडी सुरू होण्याआधी तीन ते चार आठवडे १६ ते १८ टक्के प्रथिनांचे पैदास-खाद्य द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. माद्या लागेल तेवढा उचलतात, नरांना आणि वाढत्या पिल्लांना जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधते. बुरशी लागलेला दाणा बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृत जाते. वास आला की पोते फेका, वाळवून वापरू नका. बाकी वर्षभर पक्षी अंगाने सडपातळ ठेवावेत. लठ्ठ मादीची अंडी कमी उबतात आणि लठ्ठ नर जोडीला आळशी होतो.

उबवणी

स्वच्छ, टोकदार बाजू खाली, १३ ते १५ अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत अंडी ठेवली तर सात दिवस चांगली राहतात. त्यानंतर रोज उबवण्याची क्षमता घटत जाते. माखलेले अंडे कोरडेच खरवडा. थंड पाण्याने धुतले तर घाण छिद्रांतून आत ओढली जाते. टपालाने आलेली अंडी २४ तास उभी, हलवल्याशिवाय ठेवा आणि उबवणी यंत्रात गेल्यावरही पहिला एक दिवस फिरवू नका, म्हणजे सुटलेली हवेची पोकळी जागेवर बसते.

पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास, दिवसातून किमान पाच वेळा फिरवणे. दहाव्या दिवसापासून रोज १० ते १५ मिनिटे झाकण उघडून अंडी निववा आणि कोमट पाण्याचा हलका फवारा द्या. आईसुद्धा रोज उठून पाण्यात जाते आणि ओल्या पिसांनी परत बसते.

आर्द्रतेच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. छोट्या अंड्यांच्या कवचाची जाडी मादीगणिक बदलते आणि स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्के चुकतात. वजन खोटे बोलत नाही. अंड्याने २४ दिवसांत आपले सुमारे १३ टक्के वजन गमवायला हवे. पन्नास ग्रॅमचे अंडे सहाव्या दिवशी ४८.४, बाराव्या दिवशी ४६.७, अठराव्या दिवशी ४५.१ आणि चोविसाव्या दिवशी ४३.५ ग्रॅम भरले पाहिजे. वजन यापेक्षा जास्त राहिले तर आर्द्रता कमी करा, कमी झाले तर वाढवा. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा या कामात यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

सातव्या दिवशी अंधारात उजेडावर तपासणी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका म्हणजे जिवंत गर्भ. आत रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेला आहे. काहीच दिसले नाही तर ते अंडे फेकू नका, फोडून बघा. पिवळ्या बलकावर लहान, घट्ट, वेड्यावाकड्या कडेचा पांढरा ठिपका असेल तर अंड्यात बीजच नव्हते, म्हणजे नराकडे बघा. मोठे गोल वलय असेल तर फलन झाले होते पण गर्भ अगदी लवकर गेला, म्हणजे साठवण किंवा तापमान तपासा. ही दोन कारणे वेगळी न केल्यामुळे कितीतरी चांगले नर विनाकारण बाद होतात.

मॅलार्ड वंशाची अंडी २८ दिवसांत फुटतात, पण छोट्या जातींत २६व्या-२७व्या दिवशीच सुरुवात होते. म्हणून २३व्या दिवसापासून रोज उजेडावर बघा. हवेची पोकळी एका बाजूला तिरकी उतरून आत चोचीची सावली हलताना दिसली की फिरवणे थांबवा, तापमान ३७.२ आणि आर्द्रता ७० ते ७५ टक्के करा. कवचाला बाहेरून पहिली टोच पडल्यानंतर पिल्लू बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास लागू शकतात. या काळात ते बलक पोटात ओढून घेत असते आणि पडद्यातले रक्त आटत असते. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होतो. टोच अरुंद टोकाला पडली असेल, किंवा टोचेनंतर पडदा वाळून तपकिरी कागदासारखा झाला असेल, तेव्हाच ओल्या कापसाने हळूहळू मदत करावी, आणि तेही लाल शिरा दिसल्या की थांबावे. ज्या पिल्लाला मदत लागली त्याची वहीत नोंद करा. तीच गोष्ट एका ओळीत वारंवार दिसली तर ती ओळ कमी करण्याचे कारण मिळते.

शक्य तिथे पहिला घाणा यंत्रात आणि दुसरा मादीखाली द्या. पहिली अंडी रोज उचलली की ती पुन्हा घालते, मग तिला आठ-दहा अंड्यांवर बसू द्या. सगळी पैदास यंत्रातूनच होत राहिली तर खुडूक न बसणाऱ्या, पिल्ले न सांभाळणाऱ्या माद्यांवर पिढ्यानपिढ्या कसलीच चाळणी लागत नाही, आणि या जातीचा सगळ्यात चांगला गुण हळूहळू निघून जातो.

पिल्ले

पहिल्या आठवड्यात ३२ ते ३३ अंश उष्णता, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. खाली घसरणारा कागद नको. रबरी चटई किंवा खरखरीत कापड टाका, नाहीतर पाय दोन्हीकडे फाकतात. पाण्याचे भांडे चोच नाकापर्यंत बुडेल एवढे खोल, पण पिल्लू आत शिरणार नाही असे अरुंद. आईशिवाय वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला तेल लागलेले नसते, त्यामुळे ते पाण्यात भिजून गारठते.

खाद्यात पहिले दोन आठवडे १८ ते २० टक्के प्रथिने, नंतर १६. बदकाच्या पिल्लाला किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन (एक ब जीवनसत्त्व) लागते आणि कोंबड्यांच्या साध्या खाद्यात ते पुरेसे नसते. कमतरतेने घोटे सुजतात आणि पाय बाकदार होतात. किलोभर खाद्यात ५० ते ७५ ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट मिसळला की प्रश्न मिटतो. पंखाचे टोक बाहेर वळू लागले तर प्रथिने लगेच कमी करा आणि पंख चार-पाच दिवस दुमडून हलकी पट्टी बांधा. उशीर झाला की तो तसाच राहतो.

निवड

सहा आठवड्यांच्या सुमारास आवाज वेगळे होतात: मादी खणखणीत ‘क्वॅक’ करते, नर घोगरा. पहिली चाळणी आठव्या आठवड्यात, फक्त दोषांची: वाकडी चोच, वाकडी शेपटी, कुबड, मान तिरकी. दुसरी १६ ते २० आठवड्यांत, तेव्हा बांधा आणि वजन. तिसरी पहिल्या हंगामानंतर, अंडी, फलन आणि मातृत्व पाहून. नराचा रंग उन्हाळ्यातल्या पिसे झडण्याच्या काळात मादीसारखा फिका होतो, त्यामुळे तेव्हा रंगावरून काहीही ठरवू नये.

वजनाकडे दोन्ही बाजूंनी लक्ष हवे. दाणा भरपूर मिळाला की पिढीगणिक पक्षी वाढत जातात आणि जात बँटम उरत नाही. उलट जितके छोटे तितके चांगले म्हणून निवडत गेले तर अंडी लहान होतात आणि पिल्ले कवचात अडकतात. कॉल बदकांत चोच फार आखूड केल्याने कवच फोडता न येण्याचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. या जातीची चोच मध्यम आहे, ती तशीच ठेवा.

रंगाचे तीन प्रकार आहेत: हिरव्या डोक्याचा, निळ्या डोक्याचा आणि चंदेरी डोक्याचा. हा एकाच जनुकाचा खेळ आहे. निळ्याची निळ्याशी जोडी लावली तर चारांत सरासरी एक हिरवा, दोन निळे, एक चंदेरी येतो. हिरवा आणि चंदेरी जोडले तर सगळे निळे. माद्यांतही हाच फरक अंगावरच्या ठिपक्यांच्या गडद-फिकटपणात दिसतो. म्हणजे रंग हवा तेव्हा दोन पिढ्यांत परत आणता येतो, गेलेले रक्त येत नाही. चंदेरी रंगाच्या हौसेपायी हिरव्या डोक्याची चांगली मादी काढून टाकू नये.

दुसरे ठिकाण

सगळे पक्षी एका अंगणात ठेवू नयेत. एक साथ किंवा एका रात्रीचा रकून तीस वर्षांचे काम संपवतो. किमान दोन विश्वासू पाळणाऱ्यांकडे प्रत्येक ओळीतली एक मादी आणि एक नर द्या, वहीची प्रत त्यांच्याकडे ठेवा, आणि दोन-तीन वर्षांनी नर अदलाबदल करा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे सरकारचा प्राणी-जनुक साठा आहे आणि पक्ष्यांचे वीर्य गोठवून ठेवण्याचे तंत्रही आहे. पण पक्ष्यांत लिंग ठरवणारे वेगळे गुणसूत्र मादीकडे असते, नराकडे नाही. त्यामुळे नुसत्या गोठवलेल्या वीर्यातून जात पूर्ण परत उभी राहत नाही. जिवंत माद्या वेगवेगळ्या ठिकाणी असायलाच हव्यात, आणि त्या कुठे आहेत, कोणत्या ओळीच्या आहेत, हे किमान तीन वह्यांत लिहिलेले असायला हवे.